कवडशापासून सुरू करा: कॅमेऱ्यावरच्या तुमच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की कॅमेऱ्याबद्दल काय विचारायचं असेल तर कळवा, तर प्रश्नांचा ढीगच आला की ओ. निम्म्या लोकांना एकच पाहिजे, कुठला कॅमेरा घेऊ. ते सांगतो पण शेवटाकडे. मी अकरा वर्षं बेळगावातल्या एका गल्लीत स्टुडिओच्या डार्करूममधे लाल दिव्याखाली प्रिंट काढल्यात, हाताला हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास घरी जेवायला बसलं तरी यायचा, त्यामुळे मला आधी उजेडाबद्दल बोलायची खोड आहे, तेवढी सहन करा.

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवतो. सातवी-आठवीच्या पोरांना कॅमेरा कसा तयार झाला ते सांगायचंय, पुस्तकात दोनच ओळी आहेत. सुरवात कुठून करू?

उत्तर: सर, कौलापासून करा. तुमच्याकडे अजून कौलारू घरं आहेत, दुपारी फुटक्या कौलातून जमिनीवर कवडसा पडतो तो पोरांना दाखवा आणि विचारा, भोक वाकडंतिकडं आहे मग कवडसा गोल कसा? तो गोल आहे कारण तो भोकाचा आकार नाहीच, ते सूर्याचं चित्र आहे. सूर्यग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात, पुढच्या वेळी ग्रहण असलं की वर न बघता खाली जमिनीवर बघायला सांगा. कॅमेरा म्हणजे हाच कवडसा, बाकी सगळं नंतर चिकटलं.

मग एक दिवस वर्गाच्या खिडक्या काळ्या कागदानं बंद करा, दारं लावा, अकरा-बाराचं लख्ख ऊन बाहेर असताना कागदाला तुरीच्या दाण्याएवढं भोक पाडा आणि समोर तीनचार फुटांवर पांढरा ड्रॉइंग पेपर धरा. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं द्या. बाहेरचं मैदान, माड, सायकलवरनं जाणारा माणूस, सगळं रंगीत आणि उलटं कागदावर दिसेल. उजेड सरळ रेषेत जातो म्हणून माडाच्या शेंड्याचा उजेड भोकातून खाली येतो आणि बुंध्याचा वर जातो, एवढंच गणित. हे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम नावाच्या अरब विद्वानानं नीट तपासून लिहून ठेवलं होतं. पुढे कुणीतरी त्या भोकात भिंग बसवलं, चित्र उजळ झालं, चित्रकार लोक त्यावर कागद ठेवून गिरवायला लागले.

म्हणजे चित्र पडत होतं पण टिकत नव्हतं, खोलीत उजेड आला की गेलं. ते टिकवायचं कसं यावर पुढची सगळी खटपट. फ्रान्समधे नीसेफोर न्येप्स म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी 1826-27 च्या सुमारास कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर एक प्रकारचं डांबर लावलं आणि खिडकीबाहेरचा देखावा त्यावर घेतला. उजेड लागला तिथं डांबर कडक झालं, राहिलेलं धुवून काढलं. पण किती वेळ लागला तर आठ तास तरी, काही जण म्हणतात त्याहून पुष्कळ जास्त, त्यामुळे त्या फोटोत ऊन घरांच्या दोन्ही बाजूंना दिसतं कारण तोवर सूर्य इकडून तिकडे गेला होता! तो पत्रा आज अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात आहे.

पोरांना माझ्या मते सालं पाठ करायला लावू नका, वेळ कसा कमी होत गेला ते सांगा. न्येप्सचे तास होते, त्यांचेच भागीदार दागेर यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर पाऱ्याची वाफ देऊन ते मिनिटांवर आणलं आणि 19 ऑगस्ट 1839 ला फ्रेंच सरकारनं ती पद्धत जगाला खुली केली, म्हणून त्या दिवशी आपल्या व्हॉट्सअपवर जागतिक छायाचित्रण दिनाच्या शुभेच्छा येतात. पण दागेरचा फोटो एकच, त्याची दुसरी कॉपी नाही. इंग्लंडच्या टॅल्बटनं कागदावर निगेटिव्ह काढली आणि एका निगेटिव्हवरून पाहिजे तेवढ्या प्रिंट निघायला लागल्या, आम्ही डार्करूमवाले खरे त्याचे वंशज. 1851 ला आर्चरनं काचेवर ओला रसायनाचा थर द्यायची पद्धत काढली, फोटो झकास यायचा पण काच वाळायच्या आत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, थर देणं, फोटो घेणं, धुणं सगळं उरकायचं, त्यामुळे फोटोग्राफर बाहेरगावी निघाला की तंबू, बाटल्या, पाणी असं लग्नाच्या वऱ्हाडासारखं सामान. 1871 ला मॅडॉक्स नावाच्या डॉक्टरनं जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ती सांगितली आणि हे ओझं उतरलं.

त्यानंतरचं भराभर झालं. 1888 ला ईस्टमननं कोडॅक काढला, आत शंभर फोटोंचा रोल, संपला की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा आणि ते फोटो काढून नवा रोल भरून परत द्यायचे. 1925 ला लायका आला, सिनेमाची 35 मिलिमीटरची फिल्म वापरणारा, कोटाच्या खिशात मावणारा. गंमत बघा, बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, ज्याचे गांधीजी अध्यक्ष होते, ते डिसेंबर 1924 चं, म्हणजे तिथं आलेल्या एकाही फोटोग्राफरच्या हातात लायका असणं शक्य नाही, बाजारात आलाच नव्हता. पोरांना काँग्रेस विहीर दाखवायला आणाल तेव्हा हे पण सांगा.

आणि डिजिटल काल-परवाचं नाही. 1975 ला कोडॅकमधेच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं चार किलोच्या आतबाहेरचा एक डबा जोडला, फोटो दहा हजार ठिपक्यांचा म्हणजे 0.01 मेगापिक्सेल, आणि तो साठवायला 23 सेकंद, तेही कशावर तर आपण भजनं ऐकायचो तसल्या कॅसेटवर. तीच कंपनी 2012 ला दिवाळखोरीत गेली. तास, मिनिटं, सेकंद, आता सेकंदाचा हजारावा भाग, एवढी एक ओळ फळ्यावर काढलीत की तास झाला.

प्रश्न: बेळगावात जुन्या काळी फोटो काढायचे का, की पुण्या-मुंबईलाच जावं लागायचं? (शहापूर)

उत्तर: अहो काढायचे की. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर 1892 ला बेळगावात आले होते, आधी भाट्यांच्या घरी आणि मग वनखात्यातले हरिपद मित्र यांच्याकडे राहिले, आणि हरिपदबाबूंच्या आग्रहावरून इथल्याच एस. महादेव अँड सन या स्टुडिओत त्यांचा फोटो काढला गेला. तो आज जगभर छापला जातो. वर कोरड्या काचेचं सांगितलं ना, ती येऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. मुंबईत तर 1854 लाच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरवातीच्या फोटोग्राफरांतले.

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत क्लिक थ्री कॅमेरा सापडला. चालेल का? विकला तर काय येईल? (निपाणी)

उत्तर: विकू नकोस रे बाबा, पैसे काय फार येत नाहीत. आग्फाचा क्लिक थ्री म्हणजे आपल्याकडं घराघरांतला पहिला कॅमेरा, 120 चा रोल, बारा चौकोनी फोटो, शटरचा वेग एकच, ऊन-ढग अशा खुणा, बस्स. मागं लाल काचेची बारकी खिडकी असेल, त्यातून आकडा बघत रोल पुढं सरकवायचा, विसरलं की एकावर एक दोन फोटो, आमच्याकडं एका बाईंच्या डोक्यातनं म्हैस उगवलेली प्रिंट मी स्वतः काढलीय. बटण दाबल्यावर टक्क आवाज येतो का बघ, आतून झाकण उघडून उजेडात धरून कुठून उजेड झिरपत नाही ना बघ, भिंग मऊ कापडानं पूस. एवढं ठीक असलं तर चालणार. 120 चा रोल आजही ऑनलाइन मिळतो, धुवायला मात्र पुण्या-मुंबईच्या लॅबला कुरियर करावा लागेल आणि ते स्वस्त राहिलेलं नाही. तरी एक रोल काढच, सकाळी नऊच्या उन्हात, सूर्य पाठीमागे ठेवून, माणूस सहा-सात फुटांवर.

तू निपाणीचा म्हणून एक सांगतो, पलीकडं कोल्हापूरला बाबुराव पेंटरांनी परदेशी सिनेमा कॅमेरा बघून बघून स्वतःचा कॅमेरा बनवला, 1918 च्या सुमारास, दामल्यांना हाताशी घेऊन. लेथवर! आणि आपण साधा सेल संपला तर दुकान शोधत बसतो.

प्रश्न: वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथांचे फोटो काढतो, दरवर्षी एक तर काळे नाहीतर हललेले येतात. डीएसएलआर आहे, 18-55 ची लेन्स आहे, ऑटोवर ठेवतो. काय चुकतंय? (मारुती गल्ली, बेळगाव)

उत्तर: ऑटो चुकतंय. रात्री अकरा वाजता नरगुंदकर भावे चौकात उजेड कसलाय, एका बाजूनं रथावरचे एलईडी, दुसरीकडं ट्यूब, मधे काळोख, वर गुलालाची धूळ. कॅमेरा काळोख बघून घाबरतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, तेवढ्यात रथ पुढं सरकतो, ढोलवाल्याचे हात हलतात, झालं. किंवा स्वतःहून फ्लॅश मारतो, तो दहा-बारा फुटांपुढं पोचत नाही, पुढच्या माणसाचं टक्कल पांढरं आणि महाराज अंधारात.

तीन गोष्टी हातात घ्या. पहिली शटर स्पीड, म्हणजे पडदा किती वेळ उघडा. चालता रथ आणि माणसं गोठवायला 1/125 पाहिजेच, लेझीम जोरात असेल तर 1/250. एक भानगड मात्र लक्षात ठेवा, विजेवरचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण स्वस्तातल्या एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे येतात, असे पट्टे दिसले तर 1/100 वर या.

दुसरी अपर्चर, म्हणजे भोक केवढं. इथं सगळ्यांचा गोंधळ होतो, अनगोळच्या एका काकूंनी पण हेच विचारलंय, की आकडा लहान तर भोक मोठं हे कसं काय. काकू, कुंदा वाटताना बघा. एक किलो कुंदा दोघांत वाटला तर मोठा वाटा, सोळा जणांत वाटला तर चिमटीएवढा. एफ 2 म्हणजे लेन्सच्या फोकल लेंथला, लेन्सवर मिलिमीटरमधे लिहिलेला आकडा असतो त्याला, दोननं भागलं, एफ 16 म्हणजे सोळानं. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला एफ 2 वर भोक 25 मिलिमीटरचं, एफ 16 वर जेमतेम तीन. आता तुमची 18-55 लेन्स झूम केली की एफ 5.6 च्या खाली येतच नाही. त्याऐवजी पन्नासची एफ 1.8 वाली लेन्स लावली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दहापट! झूम गेला तर गेला, पाय आहेत की, दोन पावलं पुढं जा. गर्दीत जाता येत नाही म्हणाल तर एखाद्या ओळखीच्या घराची माडी आधी गाठून ठेवा, मी तेच करत आलोय. मोठ्या भोकाचं एक तोट्याचं पण आहे, थोडंच अंतर शार्प येतं, म्हणून फोकस महाराजांच्या चेहऱ्यावरच, घोड्याच्या नाकावर नको.

तिसरी आयएसओ, म्हणजे फिल्म किंवा कॅमेरा उजेडाला किती हळवा. आमच्या वेळी हे रोलवर ठरायचं, 100 चा भरला की 36 फोटो 100 वरच, मधेच पाऊस आला तरी. आता बटणावर बदलता येतं. पण तो काय उजेड वाढवत नाही, आलेला उजेड फुगवतो, मंडळाच्या स्पीकरचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखर पण वाढते तसं. लोक ह्या खरखरीला उगाच भितात. 3200 वर ठेवा बिनधास्त. दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो कशानंच दुरुस्त होत नाही.

तर एम मोड, म्हणजे सगळं आपण हातानं ठरवायचं, 1/125, एफ 1.8 किंवा 2, आयएसओ 3200, फ्लॅश बंद. पहिले दोन फोटो काढून मागं बघा, काळपट वाटलं तर आयएसओ वर, रथाचे दिवे पांढरे फट्ट झाले असतील तर खाली. जमलं तर रॉ मधे, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाईलमधे, काढा, घरी रंग सुधारता येतात.

दिवसाचं सोपं आहे, त्याला उजेड मोजायचं मीटर पण नको. लख्ख उन्हात एफ 16 आणि शटर म्हणजे एक भागिले आयएसओ, 100 आयएसओला 1/100 च्या आसपास. माझ्या मास्तरांनी मला मीटरला हातच लावू दिला नाही वर्षभर, येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभं करून विचारायचे सांग किती. चुकलो की रोलचे पैसे पगारातून. तरी मी एकदा एका खेड्यातल्या लग्नाला 36 फोटो काढले आणि फिल्म दात्यात अडकलीच नव्हती, कॅमेरा नुसता टकटक करत होता. रिवाइंडचं बटण फिरतंय का ते बघायचं असतं, मी नवरीकडच्यांच्या जेवणाकडं बघत होतो. अंतरपाट, मंगळाष्टकं, सगळं कोरं. त्या घरासमोरून मी अजून सायकल जोरात मारतो.

प्रश्न: कणकुंबीला राहतो, पावसाळ्यात लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसायला लागलंय. साफ होईल का?

उत्तर: ते जाळं नाही दादा, बुरशी आहे. मलप्रभेच्या उगमाजवळ राहता, तिथला पाऊस मला माहितीय, चपलांनापण मिशा फुटतात. बुरशी बारीक असेल तर फोटोत लगेच दिसणार नाही, फक्त उजेड समोरून आला की फोटो धुरकट येईल. पण ती काचेवरचा थर हळूहळू खाते, त्यामुळे वाट बघू नका, लेन्स उघडणाऱ्या माणसाकडं द्या, स्वतः स्क्रू पिळू नका. आणि बाकीच्या लेन्सपासून लांब ठेवा.

पुढच्या वर्षासाठी, चामड्याच्या पिशवीत कॅमेरा ठेवणं बंद, चामडं ओल धरतं. रबराचं झाकण असलेला घट्ट डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका, शेजारी शंभर-दोनशेचा आर्द्रतेचा काटा ठेवा, तो 40 ते 50 मधे राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत भाजा, मग गार करून टाका. तांदळात ठेवायचा उपाय कुणी सांगेल, करू नका, तांदळाची पूड सगळ्या फटीत जाते. आणि मुख्य म्हणजे कॅमेरा वापरा. आठवड्याला बाहेर काढून उन्हातान्हात फिरणाऱ्या कॅमेऱ्याला बुरशी क्वचित लागते, कपाटातल्याला हमखास.

प्रश्न: दुकानदार म्हणतो 200 मेगापिक्सेलचा फोन घ्या, कॅमेऱ्याची गरजच नाही. खरं का? (चिकोडी)

उत्तर: अर्धं खरं. पोस्टकार्ड साईजच्या प्रिंटला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, 12 मधे तेरा बाय दहा इंचाची प्रिंट छान निघते. तुमचा 200 वाला फोन पण बहुतेक वेळा सोळा ठिपक्यांचा एक करून साडेबाराचाच फोटो देतो. ठिपके किती यापेक्षा ठिपका केवढा हे महत्वाचं, आणि फोनचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारा तुकडा, नखाएवढा. पण फोन हुशार आहे, एका दाबात सात-आठ फोटो काढून एकत्र करतो, उन्हातला गोकाकचा धबधबा फोनवर इतका सुरेख येतो की मी पण कॅमेरा काढत नाही. लांबचा पक्षी, पळणारा बैल, कार्यालयातला अंधार, तिथं कॅमेरा लागतो.

घ्यायचाच असेल तर, आणि हे त्या सगळ्या "कुठला घेऊ" वाल्यांना, जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घ्या. आता कंपन्यांचं सगळं लक्ष बिनआरशाच्या (मिररलेस) कॅमेऱ्यांवर आहे म्हणून जुने स्वस्तात सुटतात. घेताना शटर किती वेळा उडालंय ते विचारा, साध्या मॉडेलचं साधारण लाखभर चालेल असं धरतात, एफ 16 वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे डाग बघा, लेन्समधे मोबाइलची बॅटरी मारून कणकुंबीच्या दादांचं जाळं नाही ना बघा. बरोबर ती पन्नासची लेन्स. बॅग, फिल्टर, ट्रायपॉड दुकानदार गळ्यात मारेल, घेऊ नका.

प्रश्न: आमच्या आजीचा एकही फोटो चांगला नाही, कॅमेरा दिसला की ती सावधानमधे उभी राहते. वय 86. (टिळकवाडी)

उत्तर: तिच्या लहानपणी फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन "हलू नका" ऐकायचं, ती अजून तेच पाळतेय. तिला उभं करूच नका. चार-साडेचारला घराच्या उंबऱ्याच्या आत, ऊन अंगावर येणार नाही पण उजेड एका गालावर येईल अशी बसवा, मांडीवर सुपात शेंगा द्या फोडायला. ट्यूब बंद, फ्लॅश बंद. तुम्ही पण जमिनीवर बसा, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीला, एफ 2.8, 1/125, आयएसओ उजेड बघून. पहिले वीस फोटो वाया जाणार, जाऊ देत, ती शेंगांत गुंतली की तिच्या माहेरची कुणाची तरी गोष्ट काढा. फोकस जवळच्या डोळ्यावर. आणि प्रिंट काढून तिच्या हातात द्या, आठ बाय दहाची, फोनवर दाखवलेलं तिला दिसत नाही.